शेगलाची भाजी

गोकुळाष्टमीचा उपास सोडताना मालवणकडच्या घरांत पानावर आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि शेगलाची भाजी हवीच. शेगल म्हणजे शेवगा. त्याच्या शेंगा सगळा महाराष्ट्र आमटीत घालून खातो. पाल्याला मात्र असा मान वर्षातून एकदाच, त्या दिवशी. आदल्या दिवशी आमचे काका परड्यातल्या शेगलाच्या दोन-चार फांद्या कोयत्याने उतरवायचे आणि आम्ही मुली पडवीत बसून पाला निवडायचो. डहाळी उलटी धरून चिमटीतून ओढली की इवली इवली पानं मुठीत येतात, पण बारीक काड्याही सोबत येतात, आणि त्या राहिल्या तर भाजी घशाला टोचते. आजीचा कटाक्ष त्या काड्यांवर असायचा. निवडलेला पाला पुन्हा एकदा तिच्या सुपात जायचा, मगच चुलीकडे. खोबरेल तेलाची फोडणी, हिरवी मिरची, उन्हाळ्यात राखेत ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या आणि वर मूठभर ओलं खोबरं. पाला शिजून इतका आळतो की टोपलीभर निवडलेल्याची भाजी वाडग्यात मावते.

मी पुढे सरकारी नोकरीत नर्स झाले आणि उमेदीची सगळी वर्षं खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांवर घालवली. त्या कामात शेगलाचा पाला मला पुन्हा पुन्हा भेटत राहिला, आणि प्रत्येक वेळी त्याच्याबद्दलचा माझा आदर वाढला. डोळ्यांसाठी काय खावं, असं मला आजही कोणी विचारलं की माझ्या तोंडून पहिलं नाव त्याचंच निघतं. गाजराचं नाही, बदामाचं नाही, कुठल्या गोळीचं तर नाहीच.

धाकट्या भावाच्या वेळी आई शेवटच्या महिन्यांत होती, तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे वीज आलेली नव्हती. दिवेलागणीच्या आधी विहिरीचं पाणी, गोठ्याची झाडलोट, कोंबड्या झाकणं ही तिची कामं. ती एकदम सगळं लवकर उरकायला लागली. ऊन उतरायच्या आत पाणी आणायची आणि काळोख पडला की जागची हलायची नाही. काही आणायला सांगायचं झालं तर मला हाक. गोठ्यात जाताना मला पुढे घालायची आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायची. एकदा हळूच म्हणाली, "तिन्हीसांजेक माका दिसना नाय गो. कोणाक सांगू नको." कोणाला सांगायचं नाही, कारण सासरच्या माणसांना ते कामचुकारपणाचं निमित्त वाटलं असतं. शिवाय तिच्या आईलाही गरोदरपणात असंच व्हायचं आणि बाळंत झाल्यावर आपोआप जायचं, म्हणून तिला तो आजार वाटतच नव्हता. बाईच्या जातीला होणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक.

आजीच्या ते लक्षात आलं, आई दाराच्या चौकटीवर आपटली तेव्हा. आजीने कोणाशी चर्चा केली नाही. सुईणीला बोलावलं. तिने दोन गोष्टी सांगितल्या: बोकडाचं काळीज खायला घाल, आणि रोज शेगलाचा पाला घाल. काळीज आमच्या घरात वर्षातून मोजक्या वेळा यायचं आणि आलं की ते पुरुषांच्या पानात जायचं. आजीने त्या वेळी ते बाजूला काढून सुनेला वाढलं. माझ्या लहानपणी मी पाहिलेली ही एक मोठी घटना आहे, घरातल्या कुणाला ती तशी वाटली नसली तरी. पाला तर परड्यात फुकट होता. काही दिवसांतच आई एकटी गोठ्यात जाऊ लागली.

गरोदरपणातलं रातांधळेपण ही आमच्या घरची खासगी कथा नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना हा प्रश्न मुद्दाम विचारला गेला आहे, कारण दक्षिण आशियात ते सर्वत्र आढळत आलं आहे. गर्भ वाढत असताना आईच्या यकृतातला व्हिटॅमिन 'ए'चा साठा वापरला जातो. साठा मुळात कमी असेल तर शेवटच्या महिन्यांत तो संपतो आणि पहिला फटका अंधुक उजेडातल्या नजरेला बसतो. बाळंतपणानंतर लक्षण गेलं तरी साठा भरलेला नसतो. मग तोच अपुरेपणा आईच्या दुधातून बाळाकडे जातो. आईला 'आपोआप जातं' असं जे वाटत होतं, ते खरं तर बाळाच्या वाट्याला येत होतं.

सुईणीला काळीज कुठून सुचलं, याचं मला पुढे फार कुतूहल वाटलं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग सांगितले आहेत आणि नक्तांध्यावर बोकडाच्या यकृताचा उपायही आहे. प्राचीन इजिप्तच्या वैद्यकातही यकृत आहे. आमच्या सुईणीला अक्षरओळख नव्हती. तिच्यापर्यंत ते ज्ञान बाळंतिणींच्या खोल्यांमधून, एका बाईकडून दुसरीकडे असं आलं असणार. त्यात पाला तिने स्वतःच्या अनुभवाने जोडला असेल, तर तिचं कौतुक दुप्पट.

यामागचं शास्त्र मला नर्सिंगच्या वर्गात कळलं आणि त्या दिवशी मला वहीत लिहायचं सुचेना. डोळ्याच्या पडद्यावर अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी असतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचा जांभळट-लाल पदार्थ असतो. एक प्रथिन, आणि त्याच्या कुशीत व्हिटॅमिन 'ए'पासून बनलेला एक वाकडा रेणू. उजेडाचा कण पडला की तो वाकडा रेणू सरळ होतो, प्रथिनापासून सुटतो आणि त्या हालचालीचा संदेश मेंदूकडे जातो. पाहणं म्हणजे मुळात एवढंच. सुटलेला रेणू परत वाकवून जागेवर बसवला जातो, पण त्यात थोडी थोडी गळती होत राहते आणि ती अन्नातून भरून काढावी लागते. जॉर्ज वॉल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९३३च्या सुमाराला डोळ्याच्या पडद्यात व्हिटॅमिन 'ए' सापडलं आणि दृष्टीच्या रसायनशास्त्रावरच्या कामासाठी १९६७ साली त्याला इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. पुरवठा सुरू झाला की रातांधळेपण एक-दोन दिवसांतही हटू शकतं. आईच्या बाबतीत जे मी चमत्कार म्हणून पाहिलं होतं, त्याला कारण होतं.

तेव्हाच आणखी एक गोष्ट उमगली. आमच्या किनाऱ्यावर मोरीच्या, म्हणजे शार्कच्या यकृताचं तेल काढून ते होड्यांच्या लाकडाला फासत. लाकूड कुजू नये म्हणून. त्या तेलाचा वास आला की आम्ही नाक दाबून पळायचो. व्हिटॅमिन 'ए'चा इतका मोठा साठा किनाऱ्यावर होड्यांना मिळत होता आणि वरच्या वाडीतल्या बायका काळोखात चाचपडत होत्या.

नोकरीत बरीच वर्षं मी जव्हार-मोखाडा भागात होते. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, आता पालघर. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर लोकांचे पाडे. पावसाळ्यात तिथे रानभाज्यांना तोटा नाही: टाकळा, कुर्डू, लोत, कोरल, शेवळं. बायका डोक्यावर ओझं घेऊन रानातून येताना ओटीत भाजी खुडून आणत. त्या महिन्यांत मला मुलांचे डोळे बरे दिसत. अवघड काळ दिवाळीनंतरचा. भात झोडून झालं की कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जात. तिथे नागलीची किंवा तांदळाची भाकर आणि मिरचीचा ठेचा, कधी सुकट. हिरवं पान नाही, दूध नाही, तेल थेंबभर. उन्हाळ्यात ती मुलं पाड्यावर परतत तेव्हा मी प्रत्येकाला उजेडाकडे तोंड करून उभं करायची आणि डोळ्याचा पांढरा भाग बघायची. बुबुळाच्या कडेला, बहुधा कानाच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा कोरडा, तिकोनी ठिपका दिसला की समजायचं. याला बिटॉटचा डाग म्हणतात. बोर्दोच्या पिएर बिटॉट या डॉक्टरांनी १८६३मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. ठिपका दुखत नाही, म्हणून आया तो दाखवत नाहीत. पण तो दिसला म्हणजे मुलाच्या शरीरातला साठा तळाला गेलेला असतो, आणि त्यात गोवर किंवा जुलाब झाले तर बुबुळ काही दिवसांत मऊ पडून फुटू शकतं.

एका पाड्यावर असं झालेलं मूल मी पाहिलं. भट्टीवर गोवर निघाला, आईने डोळ्यांना उजेड सहन होत नाही म्हणून त्याला झोपडीच्या कोपऱ्यात ठेवलं, आणि ते गावी आलं तेव्हा उजव्या डोळ्याच्या जागी पांढरं बुबुळ होतं. डावा आम्ही वाचवला. गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस व्हिटॅमिन 'ए'चा डोस द्यायचा असतो. त्याला तो मिळाला असता तर दोन्ही डोळे राहिले असते, असं मी आजही खात्रीने म्हणेन. त्या आईचा काहीही दोष नव्हता. तिच्यापर्यंत कोणी पोचलं नाही.

डोस म्हणजे गडद तपकिरी बाटलीतलं पिवळसर तेलकट औषध आणि सोबत खूण केलेला प्लास्टिकचा चमचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधनावर उभा राहिलेला हा कार्यक्रम १९७०मध्ये देशात सुरू झाला. आताच्या पद्धतीत बाळ नऊ महिन्यांचं झालं की गोवराच्या लसीबरोबर पहिला डोस, १ मिलिलिटर, म्हणजे १ लाख युनिट. नंतर दर सहा महिन्यांनी २ मिलिलिटर, पाच वर्षांचं होईपर्यंत. एकूण नऊ डोस. मुलं चमचा बघून तोंड फिरवत आणि आया म्हणत, बाई, आमचं पोर आंधळं थोडंच आहे, औषध कशाला? त्यांना समजावताना मी इंडोनेशियाची गोष्ट सांगायची. आल्फ्रेड सॉमर हे डोळ्यांचे डॉक्टर तिथे रातांधळ्या मुलांचा अभ्यास करायला गेले आणि १९८३मध्ये त्यांनी दाखवून दिलं की डोळ्यांत सौम्य लक्षणं असलेली मुलंही इतर मुलांपेक्षा जास्त प्रमाणात मरतात, जुलाबाने आणि श्वासाच्या आजाराने. डोळा फक्त आधी बोलतो. ज्या जीवनसत्त्वावर नजर चालते त्याच्यावरच आतड्याचं आणि फुप्फुसाचं अस्तर टिकतं. हे सांगितलं की आया मुलाचं नाक दाबून तोंड उघडायच्या.

पण चमचा वर्षातून दोनदा येतो आणि भूक रोज लागते. मला पाड्यापाड्यावर शेवगा लावायचा होता. आमच्या प्रशिक्षणात डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची कोष्टकं असायची. त्यातले आकडे मी पाठ केले होते, कारण बायकांना ते ऐकवले की त्या थांबून ऐकत. १०० ग्रॅम गाजरात १८९० मायक्रोग्रॅम कॅरोटिन. १०० ग्रॅम शेवग्याच्या शेंगांत ११०. आणि शेवग्याच्या पाल्यात ६७८०. म्हणजे जे आपण विकत घेतो त्यापेक्षा जे गुरांपुढे टाकतो त्यात साठपट. अळूची पानं, कढीलिंब, कोथिंबीर हीसुद्धा याच तोलाची. हिरव्या पानात नारिंगी रंग असतो, फक्त हरितद्रव्याखाली तो दिसत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण पालेभाजीचे भक्त ती सांगत नाहीत. पानातलं कॅरोटिन म्हणजे अजून व्हिटॅमिन 'ए' नव्हे. शरीर ते बनवतं, आणि बनवताना बरंच वाया जातं. अन्नातल्या साधारण १२ भाग कॅरोटिनपासून १ भाग 'ए' मिळतं असा हिशेब धरतात. पान कच्चं असेल किंवा भाजीत स्नेह नसेल तर त्याहून कमी. म्हणून पालेभाजी नुसती उकडून, तेलाशिवाय खाणं हा शहाणपणा नाही. आजीची खोबरेलाची फोडणी आणि वरचं ओलं खोबरं यांचं काम चवीपुरतं नव्हतं. जव्हारकडे खुरासणीचं पीक होतं आणि तिथल्या बायकांकडे त्याचं तेल असायचं, पण बहुतेक बी बाजारात विकलं जायचं. मी म्हणायची, थोडं घरी ठेवा, पाल्यावर एक पळी घाला. दूध, अंडं, काळीज, मासळी यांत 'ए' तयार स्वरूपात असतं आणि ते मिळत असेल तर जरूर खावं. तरी पाल्याचा एक फायदा त्यांत नाही. शरीर पाल्यातून गरजेपुरतंच 'ए' बनवतं, त्यामुळे जास्त होऊन विष होत नाही. यकृताचं आणि गोळ्यांचं तसं नसतं. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत 'ए' प्रमाणाबाहेर गेलं तर गर्भात व्यंग येऊ शकतं. सुईणीने काळीज शेवटच्या महिन्यांत सांगितलं होतं आणि मिळायचं तेही कधीमधी. रोजच्यासाठी तिने पालाच सांगितला.

शेवगा दारात लावायला लोक नाखूश असत. त्यावर सुरवंट पडतात, फांदी ठिसूळ असते, पोरं चढली की मोडते, घराजवळ असला की भांडणं होतात, अशी बरीच कारणं. सुरवंट पडतात हे खरंच आहे. पण झाड छातीच्या उंचीवर छाटत राहिलं तर ते बुटकं राहतं, पाला हाताशी येतो आणि कीड वेळीच दिसते. फांदी मातीत खोचली की जगते. पाणी फारसं लागत नाही. छाटल्यावर थोड्या आठवड्यांत पुन्हा फुटतं. दुसऱ्या कुठल्या भाजीला इतकी कमी सेवा पुरते? काही घरांनी झाडं लावली, जास्त करून त्या घरांनी जिथली सासू स्वतः तरुणपणी काळोखात अडखळली होती. त्या सासवांना आकडे सांगावे लागत नसत. मी पाला निवडायला बसले की त्या सुनेला म्हणत, बाई सांगते तसं कर, मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

ही झाली त्या काळची गोष्ट, आता असं काही राहिलेलं नाही, असं कोणी म्हणेल. आंधळेपणा आणणारी टंचाई पुष्कळ कमी झाली, हे मान्य आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या देशव्यापी पोषण पाहणीत एक ते चार वर्षांच्या सुमारे १८ टक्के मुलांच्या रक्तात व्हिटॅमिन 'ए' कमी आढळलं.

निवृत्तीनंतर मी ठाण्यात मुलाकडे आले. नातवाला दुसरीत चष्मा लागला आणि घरात गाजरांचा पूर आला. रस, कोशिंबीर, हलवा. सुनेच्या काळजीचं मला वाईट वाटायचं, म्हणून एक दिवस तिला जवळ बसवून सांगितलं. दूरचं न दिसणं म्हणजे डोळ्याचं बुबुळ ते पडदा हे अंतर गरजेपेक्षा वाढलेलं असणं. ते कुठल्याही भाजीने कमी होत नाही. ते वाढू नये यासाठी मुलाने रोज दिवसाउजेडी मोकळ्यावर खेळावं, दोन तासांच्या आसपास, याला चांगला आधार आहे. गाजराचा महिमा वाढला तो दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश वैमानिक जॉन कनिंगहॅम रात्रीच्या काळोखात जर्मन विमानं पाडत होते आणि सरकारी प्रचारात त्याचं श्रेय गाजरांना दिलं गेलं. विमानात बसवलेलं रडार गुप्त ठेवायचं होतं. गाजर चांगलंच आहे, तेही थोड्या तेला-तुपासोबत खावं. पण ज्याच्या यकृतात 'ए' भरपूर आहे त्याची नजर आणखी गाजराने तीक्ष्ण होत नाही. सुनेने ऐकलं. संध्याकाळी नातवाला खाली मैदानात धाडायला लागली. मला ते गाजरापेक्षा मोलाचं वाटतं.

माझे स्वतःचे डोळे आता साठी ओलांडलेले आहेत. पडद्याच्या मध्यावर, जिथे आपण अक्षर वाचतो, तिथे एक पिवळसर ठिपका असतो. तो पिवळा रंग ल्युटिन आणि झियाझँथिन या दोन द्रव्यांचा. ती आपलं शरीर बनवू शकत नाही, अन्नातूनच येतात, आणि प्रखर निळ्या उजेडाची झळ काही अंशी शोषून घेतात. पुन्हा तीच यादी: पालक, माठ, शेवग्याचा पाला, मका, आणि अंड्याचा पिवळा बलक. बलकात प्रमाण कमी असलं तरी सोबत स्नेह असल्याने ते अंगी लागतं. माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना त्या भागात वयाचे बारीक पिवळे कण दिसले आणि मी लगेच गोळ्यांबद्दल विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांनी ऐकण्याजोगं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने केलेल्या मोठ्या अभ्यासांत, २००१ आणि २०१३मध्ये निष्कर्ष आले त्यांत, मध्यम अवस्थेतला पडद्याचा ऱ्हास पुढच्या अवस्थेत जाण्याचा धोका ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त यांच्या मिश्रणाने पाच वर्षांत सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. पण ज्यांना तो आजारच नाही किंवा अगदी सुरुवात आहे, त्यांना या गोळ्यांचा फायदा दिसला नाही. मोतीबिंदूवरही त्यांचा परिणाम झाला नाही. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटिनच्या गोळ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून नव्या मिश्रणात त्याच्या जागी ल्युटिन आलं. डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्हाला गोळी नको, पाला खा. मला हसू आलं.

मधुमेह मात्र मला आहे, आणि या विषयावर मी जरा कठोर बोलते. गोड कमी, भात मोजून, ज्वारी-नाचणीची भाकरी, डाळ, भरपूर भाजी आणि वेळेवर औषध. मधुमेह्याच्या डोळ्यांसाठी याहून चांगला आहार नाही. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, आणि बराच काळ नजरेला काहीच कळत नाही. दिसतंय ना नीट, मग तपासायचं कशाला, असं म्हणणारी माणसं मी अंध होताना पाहिली आहेत. मोतीबिंदूबद्दलही तेच. त्यावर कुठलाही पाला, आवळा किंवा थेंब नाही. त्याला शस्त्रक्रिया आहे, ती लहान आणि खात्रीची आहे, आणि खेड्यातला म्हातारा केवळ कोणी नेलं नाही म्हणून आंधळा बसलेला असतो.

आमच्या सोसायटीच्या कडेला एक शेवगा होता. सुरवंटांची तक्रार झाली आणि तो मुळासकट काढला. आता मी बाजारात भाजीवाल्या मावशीला सांगून पाला मागवते. शेंगा विकायला आणते त्या झाडाची एखादी फांदी ती माझ्यासाठी घेऊन येते आणि त्याचे पैसे घ्यायला संकोचते. जवळच्या चकचकीत दुकानात हाच पाला वाळवून, पूड करून बरणीत भरलेला मिळतो. ती पूड वाईट नाही. मात्र उन्हात वाळवलेल्या पाल्यातलं कॅरोटिन बरंचसं जातं. घरी वाळवायचा तर सावलीत, फडक्यावर पातळ पसरून, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात उजेडापासून दूर ठेवायचा. आमटीत, भाकरीच्या पिठात, थालीपिठाच्या भाजणीत चमचाभर घातला तरी चालतो.

ज्यांच्या घरामागे हातभर मोकळी जागा आहे त्यांना माझं सांगणं आहे: पावसाच्या तोंडावर शेवग्याची एक फांदी खोचा आणि पाला अष्टमीपुरता ठेवू नका. आठवड्यातून दोन-तीनदा तेलाच्या फोडणीत परतून, खोबरं नाहीतर शेंगदाण्याचं कूट घालून करा. घरात गरोदर लेक किंवा सून असेल तर दिवेलागणीला तिला नीट दिसतं का, हे तिला स्वतःहून विचारा, ती सांगणार नाही. दिसत नसेल तर पाल्यावर विसंबून न राहता त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या. लहान मूल असेल तर त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर 'ए'चे नऊ डोस भरले आहेत का ते बघा. आणि मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, दिसत असलं तरी.